आत कोण होतं

श्रावणात आमच्या गावात मारुतीच्या देवळात पोथी लागते. एक जण ओवी वाचतो, दुसरा तिचा अर्थ सांगतो. वाचणारे बदलत गेले. एकाची नजर गेली, एक वारला, एक लेकाकडं पुण्याला राहायला गेला. अर्थ सांगणारा मात्र चाळीस वर्षं मीच आहे. माझी शाळा चौथीपर्यंत, आणि चौथीच्या परीक्षेलाही मी बसलो नाही. त्या दिवशी घरची म्हैस व्याली आणि बापानं घरी ठेवून घेतलं. पण बी.ए., एम.ए. झालेले मास्तर देवळात माझ्यासमोर खाली बसतात आणि मी बोलतो तोवर तोंड उघडत नाहीत. हे मी मुद्दाम सांगतो. ज्याला फुशारकी वाटंल त्याला वाटू द्या.

आता खरं सांगतो. ओव्या मलाही अडायच्या. लय अडायच्या. पण मी थांबलो नाही कधी. अडली की पेरणीचं, औताचं, नाहीतर सासरी गेलेल्या लेकीचं एखादं उदाहरण काढायचं आणि ओवी त्यात नेऊन बसवायची. बाया डोळ्याला पदर लावतात, बाप्ये माना हलवतात. लोकांना अर्थ पाहिजे असतो. तो त्याच ओवीचा आहे का, हे एवढ्या वर्षांत एकानंही विचारलं नाही.

विचारलं ते माझ्या नातीनं.

नात म्हणजे माझ्या लेकाची थोरली पोरगी. परभणीला कॉलेजात मराठी विषय घेऊन बी.ए. करते, दुसरं वर्ष. आमच्या घराण्यात एवढं शिकलेलं कुणी नाही. सकाळी बाप तिला मोटरसायकलीवर चुडाव्याच्या स्टेशनावर सोडायचा, तिथून गाडीनं पूर्णेवरून परभणी, आणि संध्याकाळी तशीच परत. लहान होती तेव्हा पोथीला ती माझ्या मांडीला मांडी लावून बसायची. घरी येताना रस्त्यानं विचारायची, आबा, देवाला एवढं दिसतंय तर मंग तो आधीच कामून येत न्हाई? मी काहीतरी सांगायचो. तिला पटायचं. निदान मला वाटायचं की पटलं.

आषाढातली गोष्ट. एका संध्याकाळी ती कॉलेजातून आली, पिशवी ओट्यावर टाकली आणि चपला न काढता मागच्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहिली. त्या खोलीत आता सोयाबीनची पोती आणि फवारणीचा पंप असतो. आधी तिथं माझी लेक राहायची. चौदा वर्षं राहिली आणि तिथंच काविळीनं गेली. तिला जाऊन सहा वर्षं झाली. नात त्या पोत्यांकडं बघत उभी होती. आईनं दोनदा हाक मारली तरी हलली नाही.

त्या दिवशी जेवली नाही. दुसऱ्या दिवशी कॉलेजला गेली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. सून माझ्यासमोर फार बोलत नाही, पण ती दाराआडून म्हणाली, "मामा, तुमीच इचारा बरं तिला. माझ्यापाशी तोंड उघडना गेली. तुमचं ऐकती ती."

मी नातीला ओट्यावर बोलावलं.

"काय झालंय बाई? कुणी काय बोललं का गाडीत? नुसतं नाव सांग. उद्या काठी घिऊनच येतो परभणीला."

"कुणी न्हाई बोललं, आबा. एक गोष्ट वाचली."

"गोष्ट?" मला हसू आलं. "गोष्टीनं कुणी जेवण सोडतंय का?"

"तुमी पोथी ऐकून रडता की."

"ते रडणं येगळं. त्याला पुण्य हाय."

ती हसली नाही. म्हणाली, "सरांनी सांगितलंय, वाचून काय वाटलं ते दोन पानं लिहून आणा. परीक्षेला पण येणार हाय. मला लिहिता येईना."

"अर्थ लागला न्हाई, असं सांग की."

"तसंच समजा. पण ह्याचा अर्थ लागल्याबिगर मी न्हाई जाणार कॉलेजला."

"बस एवढंच? आण पुस्तक. आन पोथीवानी वाच, मोठ्यानं. हळू पुटपुटलेलं मला चालत न्हाई."

तिनं पुस्तक आणलं. दुपारची वेळ होती, पावसानं उघडीप दिली होती आणि सून अंगणात तूर निवडत बसली होती. नात वाचायला लागली. गोष्ट लहान होती, चार-पाच पानांची. जशी मला कळली तशी सांगतो.

एक घर आहे. घरातली माणसं एका खोलीचं दार विटांनी बुजवायला लागलीत. बाप विटा रचतो, आई चिखलाचा गारा कालवते, लेकरं विटा आणून देतात. आत कोणीतरी आहे. कोण, ते सांगितलेलं नाही. बाई का बाप्या, तेही नाही. आणि ते आतलं माणूस ओरडत नाही, दार वाजवत नाही. जसजशी भिंत वर चढते, तसतसं ते आतून एकेक वस्तू बाहेर देतं. तांब्या देतं, कंगवा देतं, चादर घडी करून देतं. म्हणतं, असू द्या, तुम्हाला कामी येईल. एकदा तर म्हणतं, डाव्या अंगाला वीट तिरपी झाली बघा, नीट करा. बाहेरची माणसं पावसापाण्याचं बोलतात, तिळाला औंदा भाव काय लागंल ते बोलतात. शेवटी एका विटेएवढी जागा राहते. ती वीट घरातलं सगळ्यात धाकटं लेकरू आणून देतं. मग भिंतीला चुना देतात, हातपाय धुतात, जेवायला बसतात. धाकटं लेकरू म्हणतं, मीठ द्या.

एवढं वाचून ती थांबली.

"मंग?"

"संपलं, आबा."

"संपलं कसं? फळ कुठाय?"

पोथीचा अध्याय कसाही असू द्या, शेवटी त्याचं फळ सांगतात. हा अध्याय वाचला तर काय मिळतं, ऐकला तर काय टळतं. त्याच्याबिगर अध्याय उठत नाही. मी पुस्तक हातात घेतलं, शिवण बघितली, पानं मोजली.

"ह्याची पानं गळालीत. दुकानदारानं खराब पुस्तक दिलंय तुला."

"सगळ्यांच्या पुस्तकात एवढंच हाय, आबा."

"मंग सगळ्यांचीच खराब छापलीत."

असं मी म्हणालो. पण त्या आतल्या माणसानं कंगवा बाहेर दिला, तेव्हाच मला ओट्यावरून उठून जावंसं वाटलं होतं. मी बसून राहिलो, कारण मला अर्थ सांगायचा होता. आणि मी सांगितला. म्हणालो, "सोपं हाय. घर म्हंजे देह. आत बसलाय तो अहंकार. माणसानं आपला अहंकार असा बुजवून टाकावा, एकेक वीट रचून. धाकटं लेकरू म्हंजे निर्मळ मन. शेवटची वीट त्याचीच लागती. म्हणून घरात कोणी रडत न्हाई. समाधानानं जेवतेत."

अंगणातून सून म्हणाली, "बघ, आबानं कसं फोडून सांगितलं."

मलाही बरं वाटलं. देवळात असता तर लोकांनी माना हलवल्या असत्या.

नात पुस्तकाकडं बघत होती. म्हणाली, "अहंकार हाय तर मंग तो भांडी कामून बाहेर देतोय, आबा? कंगवा कामून देतोय?"

मी म्हणालो, "तुझ्या सरालाच इचारतो. उद्या येतो तुझ्यासंगं."

"नका येऊ."

"येणार."

मी येणार म्हणालो की येतो. हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून पुढं कोणी बोललं नाही.

दुसऱ्या दिवशी धुतलेलं धोतर नेसून, खांद्यावर दस्ती टाकून मी तिच्यासोबत गाडीत बसलो. परभणीपर्यंत ती खिडकीतून बाहेर बघत होती. स्टेशनातून ऑटो केला. कॉलेजात सर लोकांच्या खोलीत तिचा सर डबा उघडून बसला होता. माझ्या लेकापेक्षा लहान माणूस. मला बघून उठला, डबा बाजूला सारला, खुर्ची दिली.

"बसा, आजोबा."

मी बसलो. पुस्तक टेबलावर ठेवलं. "ह्याची पानं गळालीत."

त्यानं चाळून बघितलं. "नाही आजोबा, पूर्ण आहे."

"मंग आत कोण हाय?"

"लेखकानं सांगितलेलं नाही."

"त्याला ठावं नसंल."

"असंही असेल." तो हसला, पण वाईट हसला नाही.

"आन तुमाला?"

"मला काय वाटतं ते मी वर्गात सांगत नाही. सांगितलं की सगळे तेच लिहून आणतात."

"तुमी मास्तर हाव का पाव्हणे?" मी म्हणालो. "पोरगी चार दिस झाले, नीट जेवली न्हाई. मी चौथी शिकलेला माणूस, मला कुणी ओवी इचारली तर मी असं म्हणत न्हाई की तुमचं तुमी बघा. अन् लेकरांना वाचायला दुसरं चांगलं कायी न्हाई का जगात?"

आजूबाजूचे दोन-तीन सर बघायला लागले. नात माझ्यामागं उभी होती. तिनं माझी दस्ती हळूच ओढली. "आबा, पुरे."

सरानं डब्याला झाकण लावलं. मग तिच्याकडं बघून म्हणाला, "तू आजोबांना सांगितलं नाहीस का?" आणि मला म्हणाला, "तिनं लिहिलंय, आजोबा. त्याच दिवशी तासाला लिहून माझ्यासमोर ठेवलं. आणि तास सुटल्यावर परत मागून नेलं. मी वाचलेलं नाही."

मी मागं वळून बघितलं. ती फरशीकडं बघत होती.

म्हणजे लिहिता येईना, हे खोटं होतं. अर्थ लागला नाही, हेही खोटंच. अर्थ तिला गाडीत बसायच्या आधीच लागला होता, आणि ती घरी येऊन मला विचारत होती. का विचारत होती, ते परभणीच्या स्टेशनावर कळलं.

परतीच्या गाडीला वेळ होता. आम्ही फलाटावर बाकड्यावर बसलो. मी दोन चहा आणले. तिनं हातात धरला, पिला नाही.

"काय लिहिलंस? वाच."

"घरी गेल्यावर."

"आताच वाच."

तिनं पुस्तकातून चार घड्या केलेला कागद काढला. पोथीवानी नाही, हळूच वाचला. गाड्यांच्या आवाजात मला कान तिच्याकडं करावा लागला. तो कागद पुढं तिनं फाडला. पण शब्द माझ्या ध्यानात आहेत. ऐकलेलं मी विसरत नाही, त्याच्यावरच तर माझं सगळं चाललंय.

तिनं लिहिलं होतं, "आमच्या घरात अशी एक खोली आहे. तिला भिंत घातलेली नव्हती, बाहेरून कडीही नव्हती. माझी आत्या रोज त्या खोलीतून बाहेर यायची, भाकरी करायची, शेतात जायची. तरी ती आत होती. ती एकेक वस्तू आम्हाला देत गेली. जोडवी माझ्या आईला दिली. आरसा मला दिला. शिवणाची मशीन दिली. म्हणायची, असू दे, तुला होईल. मी सात वर्षांची असताना एक माणूस आमच्या ओट्यासमोर आला. घरचे सगळे कापूस वेचायला गेले होते. मी चिंचोके खेळत होते. त्यानं विचारलं, आत्या हाय का घरी? आबांनी शिकवून ठेवलं होतं की तो आला तर न्हाई म्हणायचं. मी न्हाई म्हणाले. आत्या मागं न्हाणीत केस धूत होती. तो थोडा वेळ उभा राहिला आणि गेला. आत्या ओल्या केसानं बाहेर आली आणि म्हणाली, कोण होतं गं? मी म्हणाले, कोणी न्हाई. शेवटची वीट मी दिली. संध्याकाळी मला जिलेबी मिळाली."

तिनं कागद परत चार घड्या करून पुस्तकात ठेवला.

तिच्या कागदात जे नव्हतं ते मी लिहिलं पाहिजे.

माझ्या लेकीच्या नणंदेचं लग्न होतं. मांडवात व्याही मानाचे फेटे बांधत होते. एकेकाचं नाव पुकारायचे. लांबलांबच्या सोयऱ्यांची नावं निघाली, माझं निघालं नाही. मी त्या घरच्या सुनेचा बाप. व्याही मागून आला आणि म्हणाला, "गडबडीत राहिलं हो, फेटा हाय, बांधून घ्या." मी म्हणालो, "मागून बांधलेला फेटा माझ्या डोक्याला बसत न्हाई." लेक पंगतीत वाढत होती. तिला म्हणालो, चल, पिशवी भर. तिच्या हातात वरणाचं पातेलं होतं. तिनं ते खाली ठेवलं, माझ्याकडं बघितलं, नवऱ्याकडं बघितलं आणि आली. ही नात तेव्हा पाळण्यात होती.

सासरी तिला काही जाच नव्हता. हे मी आजवर कुणाला बोललो नाही. गावाला वाटतं, पोरीला त्रास होता म्हणून बापानं आणली. गावाला तसं वाटू दिलं.

मग मी निरोप धाडला. व्याह्यानं स्वतः यावं, चार माणसं घेऊन यावं आणि सून न्यावी. आमच्याकडं रीतच आहे, रुसून आलेली लेक मोठ्या माणसांबिगर पाठवत नाहीत. दोन महिन्यांनी जावई एकटाच आला, हातात केळ्याची फणी घेऊन. मी पाणी दिलं, चहा दिला, आणि म्हणालो, "पाव्हणं, घरात मोठं माणूस न्हाई का?" तो खाली मान घालून बसला. केळी तिथंच ठेवून गेला. आत लेक नवं पातळ नेसून, पिशवी भरून बसली होती. बायकोनं मला हे त्याच्या गेल्यावर सांगितलं. मी म्हणालो, येतील, आज ना उद्या येतील, मान वाकवून येतील.

आले नाहीत. सात वर्षांनी परत तोच आला, तो नात म्हणते तो दिवस. दोन-तीन दिवस आधी कुणीतरी सांगितलं होतं की जावई चुडाव्याला दिसला, म्हणून मी घरात सगळ्यांना बजावलं होतं. लेकराला वेगळं बजावलं होतं. जावयाचा बाप त्या साली वारला होता. न्यायला यायला मोठं माणूसच उरलं नव्हतं, म्हणून तो एकटा आला. हे मला मागून कळलं. पुढच्या उन्हाळ्यात फारकतीचा कागद आला आणि त्यानं दुसरं घर केलं. त्याला तरी काय म्हणू.

संध्याकाळी शेतातून आल्यावर नातीनं मला सांगितलं, आबा, तो आला होता, मी न्हाई म्हणले. मी तिला उचलून घेतलं. म्हणालो, शाबास माझी वाघीण. आणि सायकलवर पूर्णेला जाऊन पावशेर जिलेबी आणली, सगळी तिला एकटीला. तिनं त्यातली एक आत्याला नेऊन दिली. मी ओट्यावरून ऐकलं.

"कशाची गं जिलेबी?"

"आबानं दिली. मी शहाणी हाय म्हणून."

"हायेसच की," माझी लेक म्हणाली. आणि तिनं ती खाल्ली.

तर परभणीच्या फलाटावर नातीनं चहाचा कप बाकड्यावर ठेवला आणि मला विचारलं, "आबा, आता सांगा अर्थ. ती वीट माझी का?"

तिला मी काय सांगायला पाहिजे होतं, ते मला त्याच क्षणी ठाऊक होतं. एवढंच म्हणायचं होतं की बाई, वीट माझी, गारा माझा, भिंत माझी, तुझे फक्त हात लहान होते. चाळीस वर्षं मी दुसऱ्याच्या ओव्यांचे अर्थ तासन्‌तास सांगितले. ही एक ओळ होती. ती माझ्या तोंडापर्यंत आली आणि तिथं तो फेटा आडवा आला. नातीसमोर, एवढ्या माणसांत, स्टेशनावर, मी चुकलो म्हणायचं. म्हातारपणी.

मी म्हणालो, "गाडी यायची येळ झाली. बाटली भरून आणतो."

पाण्याच्या नळापाशी मी लय वेळ उभा राहिलो. बाटली भरून वाहायला लागली तरी. परत आलो तेव्हा तिनं कागदाचे तुकडे केले होते आणि ते मुठीत धरून बसली होती. गाडीत ती समोरच्या बाकड्यावर बसली, माझ्या शेजारी जागा असताना.

दोन दिवसांनी ती कॉलेजला जायला लागली. घरच्यांना वाटलं, आबानं जाऊन सरांना दम दिला, पोरगी ताळ्यावर आली. सुनेनं शेजारणीला तसं सांगितलंही. मी ऐकून घेतलं. पुढच्या महिन्यात नात म्हणाली, रोजचं जाणं-येणं जमत न्हाई, मैत्रिणींसंगं परभणीला खोली करून राहते. लेकानं माझ्याकडं बघितलं. मी नाही म्हणीन असं त्याला वाटलं. मी म्हणालो, जाऊ दे. तिला जाऊ दिलं एवढंच माझ्या हातून झालं, आणि त्याचंही तिनं काही मानलं नाही. मानावं असं त्यात काय होतं?

श्रावणात पोथी लागली. माझ्या मांडीशेजारची जागा ती मोठी झाल्यापासून रिकामीच असते, पण शनिवारी-रविवारी ती निदान बायांत येऊन बसायची. औंदा आली नाही. एका दिवशी वाचणाऱ्यानं एक साधी ओवी वाचली, मी शंभरदा सांगितलेली, आणि माझ्याकडं बघून थांबला. मी तोंड उघडलं. उदाहरण आलं ते सासरी नांदणाऱ्या लेकीचं. तेच मी नेहमी देतो त्या ओवीला. मी म्हणालो, "पुढं घ्या." त्याला ऐकू आलं नाही असं वाटून तो थांबूनच राहिला. "पुढं घ्या म्हणलं ना." लोकांनी एकमेकांकडं बघितलं. घरी येताना एक जण म्हणाला, "आबा, घसा बसला का? हळद-दूध घ्या." मी म्हणालो, घेतो.

चाळीस वर्षांत पहिल्यांदा एक ओवी बिनअर्थाची गेली. कुणाचं काही अडलं नाही.

दिवाळीला नात घरी आली. आली तशी आईच्या हाताखाली कामाला लागली. माझ्या पाया पडली, औषध घेता का विचारलं. आता ती मला हेच विचारते, औषध आणि चष्मा. अर्थ विचारत नाही. लेकानं चुना भिजवला होता. पुढचं घर झालं, स्वयंपाकाची खोली झाली. मागच्या खोलीतली पोती बाहेर काढायला तो निघाला तेव्हा ती म्हणाली, "पप्पा, ती खोली राहू द्या. तिला चुना नका देऊ."

"का गं? सणासुदीची काळी ठेवायची का?"

"राहू द्या म्हणलं ना."

लेकाला काही कळलं नाही. तो माझ्याकडं बघायला लागला. मी म्हणालो, "राहू दे."

मग दुपारी ती ओट्यावर पणत्या पुसत बसली होती, मी तिच्यापाशी जाऊन बसलो. चार महिने मी ती ओळ मनात घोकत होतो. शेतात घोकली, देवळात घोकली. आता घरात कोणी नव्हतं. मी म्हणालो, "बाई, ते तू इचारलं होतंस न्हवं, स्टेशनावर. ती चूक माझी होती. सगळी माझी. तुझी कायीच न्हाई."

ती पणती पुसत राहिली. मला वाटलं, ऐकू गेलं नाही. परत म्हणणार होतो.

"माहितीय, आबा," ती म्हणाली. "तवाच माहिती होतं. पण तोंड माझं होतं."

ती पुढं म्हणाली, "चाचणी परीक्षेला तीच गोष्ट आली होती."

"मंग? काय लिहिलंस?"

"तुमचाच अर्थ लिहिला. घर म्हंजे देह, आत अहंकार. शेवटची वीट म्हंजे निर्मळ मन." तिनं पणती उन्हात ठेवली, दुसरी घेतली. "चांगले मार्क पडले."

त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं, मी तिच्यावर रागावलो तरी असतो.

तिनं जुन्या वह्या घरी आणून टाकल्यात, त्यातली एक कोरी पानं असलेली घेऊन मी हे लिहितोय. माझं अक्षर मोठं आहे, पानाला आठ-दहा ओळीच बसतात. लेकीचं वागणं इतकी वर्षं माझ्यासमोर होतं. ती कधी रडली नाही, भांडली नाही, उलट बोलली नाही. मी सगळ्यांना सांगायचो, माझ्या लेकीनं माझी इज्जत राखली. जोडवी काढून दिली तेव्हा मी म्हणालो, बघा, किती समजूतदार. आता कळतं, ती आतून म्हणत होती, डाव्या अंगाची वीट तिरपी आहे, नीट करा. आणि मी खरोखर नीट केली.

हे कळून उपयोग काय, ते मला सांगता येत नाही. जिला कळायला पाहिजे होतं ती गेली. जिला सांगायला पाहिजे होतं तिला ते आधीच ठाऊक होतं, आणि त्यानं तिचं काही हलकं झालं नाही.

त्या दिवशी दिवाळीचं जेवण होतं. सगळे ओळीनं बसलो, घराला नवा चुन्याचा वास. नात वाढत होती. पुढं बसलेल्या बापाला वाढलं, भावाला वाढलं, मला वाढलं. आमटीला मीठ कमी होतं. तीही नंतर माझ्यासमोर येऊन बसली, एक घास घेतला आणि माझ्याकडं बघितलं. तिलाही ते लागलं असणार. मिठाची वाटी चुलीपाशी होती, हात लांब केला असता तरी मिळाली असती.

तिनं मागितलं नाही. मीही नाही. तसंच जेवलो.